न वाजलेल्या घंटेचा खर्च

गेल्या आठवड्यात ऑफिसात एक मीटिंग झाली. विषय होता ऑन-कॉल रोटा. म्हणजे रात्री-अपरात्री सर्व्हर बसला की ज्याचा फोन वाजतो, त्या बकऱ्यांची यादी. साहेबांनी एक्सेल उघडली आणि म्हणाले, "सहा महिन्यांत रात्रीचे कॉल फक्त दोन. मग दर आठवड्याला दोन-दोन माणसं कशाला अडकवून ठेवायची?" सगळे गप्प. मीही गप्पच. खरं सांगायचं तर माझा वीकएंड वाचणार होता, त्यामुळे मनातून थोडा खूशच होतो.

पण घरी येताना मला हॉस्टेलच्या रूममेटचे बाबा आठवले. तो चंद्रपूरचा. काका तिकडच्याच एका कोळसा खाणीत होते, आणि नेहमीच्या कामाशिवाय ते 'रेस्क्यू ट्रेन्ड' होते. सुट्टीत त्याच्या घरी गेलो होतो तेव्हा जेवणानंतर त्यांनी सरावाचं वर्णन केलं होतं. पाठीवर पंधरा-सोळा किलोचं प्राणवायूचं यंत्र, धुरानं भरलेला, मुद्दाम तापवलेला नकली बोगदा, आणि त्यातून स्ट्रेचर ओढत सरपटायचं. मी विचारलं, "काका, खरी वेळ किती वेळा आली?" ते हसले. "एकदाही नाही. वीस वर्षं नुसती प्रॅक्टिस." मी तेव्हा 'अरेरे' म्हणालो होतो. त्यावर ते जे म्हणाले ते शेवटी सांगतो.

तर मंडळी, या रविवारचा विषय: कोळसा खाणीतली बचाव पथकं, आणि ती ठेवायची सक्ती सरकारला का करावी लागली.

आधी थोडं विज्ञान. खाणीत स्फोट झाला की माणसं स्फोटानंच मरतात असं आपल्याला वाटतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी १८९६ साली अशा मृत्यूंचा अभ्यास करून दाखवलं की बहुतेक बळी नंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचे असतात. ना रंग, ना वास. म्हणून तर पिंजऱ्यातले पक्षी खाली न्यायची पद्धत पडली (तिकडे कॅनरी, आपल्याकडे मुनिया). याचा दुसरा अर्थ असा की स्फोटानंतरही काही जण काही वेळ जिवंत असतात. पण त्यांना आणायला जो नुसता धावत जाईल तोही तिथेच पडणार. म्हणजे हे काम धाडसाचं आहेच, पण त्याआधी यंत्राचं, सरावाचं आणि शिस्तीचं आहे.

शिस्त कशी? एकट्यानं कधीच आत जायचं नाही. पाच-सहा जणांची तुकडी. शुद्ध हवा जिथे संपते तिथे तळ ठोकायचा आणि तिथे दुसरी तुकडी तयार ठेवायची. ठराविक वेळानं प्रत्येकाच्या यंत्रातला प्राणवायू तपासायचा, आणि ज्याचा सगळ्यात कमी उरला असेल त्याच्या हिशेबानं सगळ्यांनी मागे फिरायचं. आत कुणाचा आवाज आला तरी. हे शेवटचं वाक्य काकांचं.

आता इतिहास. १० मार्च १९०६, उत्तर फ्रान्समधली कुरियेर इथली खाण. कोळशाच्या धुळीचा स्फोट, १,०९९ मृत्यू. फ्रान्सकडे तेव्हा अशी तयार पथकं नव्हती. श्वसनयंत्रं घेऊन मदतीला आले ते जर्मन खाण कामगार. (१८७० च्या युद्धाची जखम अजून ओली असताना, हे लक्षात घ्या.) शोध जवळजवळ थांबलेला असताना, तब्बल वीस दिवसांनी तेरा जण आपणहून अंधारातून चालत बाहेर आले. लोक आनंदानं रडले, आणि मग संतापले. हे तेरा जिवंत होते तर आणखी किती जण वाट बघत असतील?

ब्रिटनमध्ये बार्न्सलीजवळ टँकर्सलीला खाणमालकांनी १९०२ सालीच एक बचाव केंद्र काढलं होतं. पण सगळे मालक आपणहून असं करतील हा भाबडेपणा ठरला. शेवटी १९१० आणि १९११ च्या कायद्यांनी ती सक्ती केली.

मालक आपणहून का करत नाहीत? दुष्ट असतात म्हणून? काही असतीलही. पण गणितच तसं आहे. एका खाणीत मोठा अपघात कदाचित तीस वर्षांत एकदा होणार. त्यासाठी तीस वर्षं माणसं शिकवायची, यंत्रं सांभाळायची, प्राणवायूचे सिलिंडर भरून ठेवायचे. शेजारच्या मालकानं हे केलं नाही तर त्याचा कोळसा तुमच्यापेक्षा स्वस्त. म्हणजे जो शहाणपणा करेल तो बाजारात मार खाणार. वर आणखी एक गंमत, अडचणीत शेजाऱ्याचं पथक मदतीला येईलच, मग आपण कशाला? अशा वेळी सगळ्यांवर एकदम सक्ती करणारं कुणीतरी लागतं.

आपल्याकडे ते कधी झालं? १९३६ हे भयंकर साल होतं. जानेवारीत झरियातल्या लोयाबाद खाणीत ३५ जण गेले, आणि डिसेंबरमध्ये राणीगंज पट्ट्यातल्या पोईडीहला स्फोटात २०९. त्यानंतर १९३९ मध्ये कोळसा खाणींसाठी बचावाचे नियम आले, आणि १९४१ मध्ये दोन केंद्रं उभी राहिली. झरियासाठी धनबादला आणि राणीगंजसाठी सीतारामपूरला.

मला यातला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे पैशाची सोय. केंद्रं कुण्या एका मालकाची नव्हती. खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावर टनामागे एक छोटासा कर, आणि त्या निधीतून केंद्रं चालवायची. अपघात होवो न होवो, वॅगन भरली की कर भरला. बड्या कंपनीनं जास्त टन काढले, तिचे जास्त पैसे. दोन चानकांच्या छोट्या मालकाचे कमी. पण घंटा वाजली की गाडी दोघांकडेही तेवढ्याच वेगानं निघणार. आपल्या भाषेत सांगायचं तर शेअर्ड इन्फ्रास्ट्रक्चर, वापराप्रमाणे बिल :)

१९५८ च्या फेब्रुवारीत राणीगंज पट्ट्यातच चिनाकुरीला स्फोट झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १९५९ ला, नवे नियम. १९७१ ते ७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि १९८५ च्या खाण बचाव नियमांनी ही जबाबदारी थेट खाणमालकावर टाकली, तीही फक्त कोळशाच्याच नाही तर इतर भूमिगत खाणींच्याही. हे नियम म्हणजे अतिशय रटाळ मजकूर आहे. खाली किती माणसं उतरतात त्यावरून प्रशिक्षित माणसं किती, त्यांची वैद्यकीय तपासणी, उजळणीचा सराव, खाणीचे नकाशे केंद्रात ठेवायचे, वगैरे वगैरे. पण रात्री दोन वाजता अनोळखी खाणीत उतरणाऱ्या माणसाला तो नकाशा हातात मिळणं म्हणजे काय, याचा विचार करा.

अर्थात नियमांनाही मर्यादा असते. २७ डिसेंबर १९७५ ला चासनालात जुन्या, पाण्यानं भरलेल्या खाणीतलं पाणी फुटून आत आलं. ३७५ मृत्यू. सगळी तयारी वायू आणि आगीची. पाण्यापुढे प्राणवायूचं यंत्र काय करणार? ('काला पत्थर' सिनेमामागे हीच घटना.) उलट १३ नोव्हेंबर १९८९ ला राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरलं तेव्हा अभियंते जसवंतसिंग गिल यांनी जमिनीतून भोक पाडून पोलादी कॅप्सूल खाली सोडली, स्वतः आत उतरले आणि ६५ जणांना वर पाठवून मगच वर आले. सहा जण मात्र वाचले नाहीत. कॅप्सूलची कल्पना जर्मनीत १९५५ पासून वापरात होती, पण ती इथे चार दिवसांत जुळवायला एक हट्टी माणूस लागला. नियम अशी माणसं तयार करू शकत नाहीत. पण गिल यांना खाली किती जण आहेत हे माहीत होतं, खाणीचा नकाशा होता, खालून फोन लागत होता. हा सगळा रटाळ नियमांचाच प्रताप.

आणि जिथे हे काहीच नसतं? १३ डिसेंबर २०१८, मेघालयातलं क्सान. नदीकाठची बेकायदा 'रॅट होल' खाण. अशा खाणकामावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१४ मध्येच बंदी घातली होती. पाणी आत घुसलं. किती जण अडकले? आधी आकडा आला १३, मग १५. हजेरीपटच नाही तर मोजणार कसं? नकाशा नाही, मॅनेजर नाही, बचाव केंद्र नाही. एनडीआरएफ आली, नौदलाचे पाणबुडे आले, कोल इंडियाचे आणि आपल्या किर्लोस्करांचे मोठे पंप आले. पण पंप पोचेपर्यंत दोन आठवडे उलटून गेले होते. अडकलेल्यांपैकी एकही जण जिवंत परतला नाही. जानेवारी २०२५ मध्ये आसामच्या उमरांगसोला पुन्हा तेच, नऊ जण.

हे वाचताना मला जास्त टोचलं ते असं की बंदी घालून सरकार मोकळं झालं, पण माणसं खाली उतरायची थांबली नाहीत. कायद्याच्या लेखी ती खाण नव्हतीच, त्यामुळे तिला बचावाचे नियमही नव्हते. कर भरणारा टन नाही, म्हणून घंटाही नाही. ऐंशी वर्षांत जे शिकलो ते फक्त कागदावर असलेल्या खाणींसाठी. बंदी हवीच, पण जिथे ती पाळली जात नाही हे सगळ्यांना दिसतंय, तिथे निदान पंप आणि पथक जवळ ठेवायला कोणाची हरकत होती?

असो. आमचे सर्व्हर म्हणजे खाण नव्हे, हे मलाही कळतं. कुणी मरत नाही, फार तर क्लायंट ओरडतो. तरी सोमवारी मी साहेबांना मेल टाकणार आहे, की दोन माणसं राहू द्या, आणि त्यात माझं नाव असलं तरी चालेल. (वीकएंड गेला!)

आणि हो, काकांचं वाक्य. मी 'अरेरे' म्हणाल्यावर ते सुपारी कातरायचे थांबले, आणि म्हणाले, "अरेरे काहून म्हणतोस बाप्पा? वेळ नाही आली हेच तर बरं झालं नं." मग पुन्हा सुपारी कातरायला लागले.