नगरचा पूल आणि वऱ्हाडचा सौदा

नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्याचा झुलता पूल पाहत होतो. सोबतचा मित्र म्हणाला, "पूर्वी इथं उचलता पूल होता." तसे नव्हते. 1803 साली वेलस्लीने किल्ला घेतला. त्या वेळच्या वर्णनात खंदकावर लाकडी पूल आहे. तो उचलता नव्हता, पण लढाईच्या वेळी काढून घेता येई. पुलाएवढ्या लोखंडी पात्रात कोळसा भरून, शत्रू जवळ येताच तो पेटवायची सोय आहे, असेही तेव्हा बोलले जाई. झुलता पूल त्यानंतर इंग्रजांच्या अमलात झाला. पूल काढून घेण्याचे दिवस संपले होते.

याच खंदकापलीकडे 1595 च्या अखेरीस शहजादा मुरादची मोगल फौज उभी होती. आत चाँदबीबी होती, हुसेन निजामशाहाची लेक. सुरुंगाने तट फुटला, ती स्वतः भगदाडापाशी उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतले. आमच्या शाळेतला धडा इथे संपायचा.

पण मी वऱ्हाडातला आहे. मला पुढचे पान वाचावे लागते. 1596 च्या तहात नगर वाचले आणि त्या बदल्यात वऱ्हाड मोगलांना मिळाला. मुरादने मग आमच्या अकोल्याकडे, बाळापूरजवळ शहापूर वसवले. निजामशाहीने तरी वऱ्हाड कुठून आणला होता? 1574 मध्ये एलिचपूरची इमादशाही बुडवून. म्हणजे जिंकून घेतलेले देऊन घरचे वाचवले. 1803 मध्ये पुन्हा तेच झाले. नगर घेऊन निघालेला वेलस्ली अडगाव आणि गाविलगडापर्यंत आला. देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांकडून सुटला आणि निजामाच्या पदरात पडला. दोन्ही वेळा इथल्या कुणब्याला, कोष्ट्याला, मोमिनाला कोणी विचारले नाही.

वेढा घालणारा मुसलमान, किल्ला लढवणारीही मुसलमान. 1600 मध्ये फितुरीच्या संशयावरून तिला मारणारेही तिच्याच दरबारचे. इतिहासाची धर्मावर वाटणी करणाऱ्यांनी हा खंदक एकदा पाहावा. आणि 'आपली सल्तनत' म्हणून छाती फुगवणाऱ्या आपल्या माणसांनीही.

चाँदबीबीचा मला अभिमान आहे. फक्त तिच्या शौर्याची किंमत कोणी मोजली, हेही मुलांना सांगावे, एवढेच म्हणणे.