दगडफुलाची कुळी

नागपूरच्या नंदनवन भागातल्या किराणा दुकानात दगडफूल मागितलं की वर करडे, खाली काळे असे चुरमडलेले पापुद्रे पुडीत बांधून मिळतात. सावजी मसाल्याला त्यांचा वास हवाच. यातली पार्मोट्रेमा पर्लाटम ही जात ब्रिटनच्या पश्चिमेला समुद्राकाठच्या खडकांवरही वाढते. आपल्याकडे हा माल मुख्यतः हिमालयातून आणि दक्षिणेच्या डोंगरांतून येतो.

1753 मध्ये लिनियसने जवळजवळ सगळी दगडफुलं ‘लायकेन’ या एकाच प्रजातीत कोंबली. 1762 मध्ये इंग्लंडच्या विल्यम हडसनने या जातीला ‘लायकेन पर्लाटस’ म्हटलं. लिनियसचाच विद्यार्थी एरिक अकारियस याने 1803 मध्ये त्या ढिगाची नीट वाटणी केली आणि ही जात ‘पार्मेलिया’त गेली. आजचं नाव 1952 चं.

1860 च्या दशकापर्यंत दगडफूल ही एकच वनस्पती मानत. त्या दशकाअखेर स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी सांगितलं, की ही बुरशी आणि शेवाळाची जोडी आहे. याला कडाडून विरोध करणाऱ्यांत दगडफुलांचे अभ्यासक विल्यम नायलँडर होते. पण जाती ओळखण्याची सर्वांत उपयोगी रीत त्यांनीच 1866 मध्ये दिली: पापुद्र्यावर रसायनाचा थेंब टाकून रंग पाहायचा.

ती रीत आजही चालते. पर्लाटमच्या कडांना बारीक काळे केस असतात आणि पिठासारखी भुकटी धरते. तिच्याच कुळातल्या टिंक्टोरमच्या कडा बिनकेसाच्या, अंगावर खरखरीत दाणे. तरीही शंका उरली तर वरची साल खरवडून आतल्या पांढऱ्या थरावर ब्लीचिंग पावडरच्या ताज्या द्रावणाचा थेंब टाकतात. टिंक्टोरम लेकॅनोरिक आम्लामुळे लालबुंद होते. पर्लाटमचा रंग बदलत नाही.

भारतात लखनौचे डी. डी. अवस्थी आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले अभ्यासक यांनी हे काम पुढे नेलं. त्याची गरज बाजारातच दिसते: एका पुडीत अनेकदा दोन-तीन जाती मिसळलेल्या असतात. दगडफूल फार हळू वाढतं, बऱ्याच जाती वर्षाला काही मिलिमीटरच. झाडावरून ओरबाडलेला पापुद्रा भरून यायला वर्षं लागतात. म्हणून पुडीवर जातीचं नाव आणि ती कुठल्या जंगलातून आली हे छापलं पाहिजे. त्याशिवाय कोणती जात कुठे संपत चालली आहे, हे कळायला मार्ग नाही.