बंडीच्या कण्यापासून शॉकअपपर्यंत

वणीहून मुकुटबनकडे येणारा रस्ता काळ्या मातीवरून जातो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्यावरच्या डांबराला लाटा आणते. कोळशाच्या ट्रकांची वर्दळ जुनीच होती, त्यात २०२२ साली सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला. चाकणला तयार झालेली व्हर्टस किंवा स्लाव्हिया, म्हणजे घरच्या पाच जणांना नेणारी पण वेगाची ओढ असलेली सेडान, अशा रस्त्यावर काही वर्षं धावली की शॉकअप बदलायला येतात. तेव्हा मूळ जातीचेच घ्यावेत की कडक 'स्पोर्ट', हे दुकानदाराला विचारण्याआधी शॉकअपचं कुळ माहीत असलेलं बरं.

आपल्याकडच्या बंडीला स्प्रिंग नव्हतीच. धाव दगडावर आपटली की हिसका कण्यातून थेट पाठीत. वेग बैलाचा, म्हणून निभावलं. तांग्याखाली पोलादी पाटे आले आणि बसणं सुखाचं झालं. पाट्यांचा एक गुण मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एकावर एक रचलेले पाटे वाकताना एकमेकांवर घासतात आणि उसळी बरीचशी तिथंच जिरते. झोका घेणं आणि झोका थांबवणं ही दोन्ही कामं पाटा एकटाच करत होता. शॉकअपची गोष्ट ही दोन कामं वेगळी होण्याची आहे.

मोटारीचा वेग वाढला तसं पाट्यांचं घर्षण अपुरं पडू लागलं. फ्रान्समध्ये त्रुफोने आणि त्याच्याकडून हक्क घेऊन अमेरिकेत हार्टफर्डने कातडी चकत्या दाबून धरणारी जोडणी बसवली. तिच्यात दोष असा, की घर्षण लहान खडीलाही अडतं आणि मोठ्या खड्ड्यालाही तेवढंच. धक्का जितका वेगाचा तितका विरोध जास्त, हे तेलाला जमतं. बारीक छिद्रातून त्याला घाईनं ढकलाल तर ते घट्ट अडून बसतं. फ्रान्सच्याच मोरिस हुदाईने तेलावर चालणारा शॉकअप केला आणि १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या मॉडेल ए गाडीला चारही चाकांवर तो मिळाला. पुढं तो नळीच्या रूपात आला.

महाराष्ट्रात हे स्थित्यंतर एकाच गाडीखाली वाकून पाहता यायचं. कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीला पुढं कॉइल स्प्रिंग आणि मागं पाटे. कॉइलमध्ये पाटा पाट्यावर घासत नाही, त्यामुळे तिला थोपवण्याची जवळजवळ सगळी जबाबदारी शॉकअपवर येते. १९६१ साली मुंबईत सुरू झालेली गॅब्रिएल इंडिया हे शॉकअप इथंच बनवू लागली. आज तिचे कारखाने चाकण आणि नाशिकलाही आहेत.

पुढची उडी मॅकफर्सन या अभियंत्याची. १९५० च्या लंडनच्या प्रदर्शनात फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांना पुढं अशी रचना होती, की शॉकअप हाच चाकाचा खांब. ती आपल्या दारात आली १९८३ च्या मारुती ८०० मधून, आणि आजच्या सेडानलाही पुढं तीच आहे. म्हणून पुढचा शॉकअप बदलला की वरचं माउंट आणि बेअरिंग तपासावं लागतं, शेवटी अलाइनमेंटही करून घ्यावी लागते. हा खर्च वाचवू नये.

राहिला फेसाचा प्रश्न. सलग खडबडीत रस्त्यावर तेल तापतं, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि शॉकअप ढिला पडतो. द कार्बन या फ्रेंच अभियंत्यानं एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा गॅस तरत्या पिस्टननं वेगळे ठेवले. बिल्स्टाइनने १९५७ मध्ये मर्सिडीजसाठी तसे शॉकअप मोठ्या प्रमाणावर बनवले. एकनळी शॉकअप थंड राहतो, गाडीला वळणावर पकड देतो. पण त्याची बाहेरची नळी हीच पिस्टनची वाट असते. खडीचा दगड लागून तिला पोचा पडला तर पिस्टन अडकतो. दुनळीत आतली नळी वेगळी असल्यानं बाहेरचा पोचा निभावतो.

त्यामुळे मुकुटबनच्या गाडीसाठी माझा कौल स्पष्ट आहे: मूळ स्प्रिंगला जुळणारे, गॅस भरलेले दुनळी शॉकअप. लाटांच्या रस्त्यावर महत्त्वाचा असतो तो स्प्रिंग उसळून परत येतानाचा अटकाव, आणि तो मूळ स्प्रिंगच्या ताकदीवरून ठरवलेला असतो. कडक शॉकअप मूळ स्प्रिंगवर टाकला तर चाक खड्ड्यावरून उडतं, टायरची पकड सुटते, आणि मागं बसलेल्या आजीची कंबर धरते. हायवेवर जोरात वळायची हौस असेल, तर स्प्रिंग आणि शॉकअप एकाच संचातून निवडलेले असावेत.

बदलायची वेळ ओळखायला चाकामागे हात घालावा. धूळझाकण वर सारल्यावर नळीवर तेल ओघळून त्यावर कोळशाची काळी आणि सिमेंटची करडी धूळ लगद्यासारखी चिकटली असेल, तर तो गेला. टायरवर बोटं फिरवताना उंचसखल खळगे लागले तरी तेच. बदलताना एका आसावरची जोडी एकत्रच बदलावी. डावा नवा आणि उजवा जुना अशी गाडी जोराच्या ब्रेकला एका अंगाला ओढते. बंप स्टॉप आणि धूळझाकण नवंच घालावं. आणि खालच्या आर्मचे रबरी बुश असलेले बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर. जॅकवर असतानाच आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.