ट्रॉम्बेची हरवलेली गाडी

माहुलच्या रस्त्यावर टँकरच्या रांगेत बस अडकली, की आम्हाला ट्रॉम्बेच्या गाडीची आठवण काढावीशी वाटते. आपल्या मुलांना सांगितले तर खरे वाटणार नाही, पण या परिसरातून एकेकाळी थेट अंधेरीला रेल्वे जात होती.

रूळ इथे आधी आले ते कचऱ्यासाठी. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईने आपली घाण चेंबूर-देवनारच्या दलदलीत टाकायचे ठरवले. कुर्ला-चेंबूर मार्ग १९०६ मध्ये कचरागाडीसाठी बांधला गेला. माणसांना त्यावरून प्रवास करता आला तो १९२४ मध्ये. पुढे १९२८ साली साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे सुरू झाली. ट्रॉम्बे, कुर्ला, अंधेरी असा सुमारे तेरा किलोमीटरचा हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या कारभारात होता. उपनगराची पूर्व आणि पश्चिम बाजू त्याने जोडली. १९३४ मध्ये तो बंद झाला. पूर्व-पश्चिम जोडणारी घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो आली २०१४ मध्ये, म्हणजे तब्बल ऐंशी वर्षांनी. आणि तीही ट्रॉम्बेपासून दूर.

मधल्या काळात इथे काय काय आले? १९५४ मध्ये अणुशक्ती केंद्र, १९५४-५५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाने, पाठोपाठ वीज आणि खत. देशाला या सर्वांची गरज होती, हे आम्ही नाकारत नाही. पण माणसांची सोय मात्र मागेच राहिली. १९७६ च्या आणीबाणीत जनता कॉलनी उठवून हजारो कुटुंबांना चिता कॅम्पच्या दलदलीत बसवले. त्यांत आपले मुस्लिम बांधव होते, तसेच तमिळ आणि मराठी दलित कष्टकरीही होते. पुढे तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतली माणसे माहुलला आणून टाकली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले, की इथल्या प्रदूषित हवेत राहण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही.

ट्रॉम्बेच्या गाडीचा इतिहास म्हणजे आपल्या वस्त्यांचाच इतिहास. कागदोपत्री पुरावा मागण्याच्या या काळात, आपल्या थोरामोठ्यांनी सांगितलेल्या आठवणी आणि पेटीतले जुने पास, रेशनकार्डे जपून ठेवायला हवीत. रूळ उखडले तरी चालेल. माणसांची नोंद पुसली जाता कामा नये.