टोनआर्म-बदल

जुन्या रेकॉर्डप्लेअरचा मूळ टोनआर्म काढून त्या जागी अधिक हलका, कमी घर्षणाचा आर्म बसवणे. सुईची थरथर कार्ट्रिजपर्यंत पोचावी आणि दांडा स्वतः थरथरू नये, हे टोनआर्मचे काम. झिजलेल्या बेअरिंगमुळे ते बिघडते. लेंको एल ७५ मधील आर्मला टेकू देणारे व्ही-आकाराचे ठोकळे कालांतराने भुगा होतात. तेथे कित्येकदा ठोकळे बदलूनच भागते.

प्रत्येक यंत्र या खर्चाच्या लायकीचे नसते. एच.एम.व्ही. फिएस्टासारख्या सुटसुटीत प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असे. त्याचा सुईवरील भार पाच-सहा ग्रॅम. चुंबकीय कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात, पण त्याचा संकेत इतका क्षीण असतो की वेगळा फोनो प्रीअँप लागतो. फिएस्टा आहे तसाच जपावा. आर्म बदलावा तो जड तबकीच्या यंत्राचा. गॅरार्ड ३०१ (१९५४) तर मुळातच आर्मशिवाय विकला जाई.

निवडताना आर्मचे परिणामी वस्तुमान आणि कार्ट्रिजच्या सुईची लवचीकता यांचा मेळ पाहतात. दोन्ही मिळून होणारे अनुनादन ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावे. त्याहून खाली गेले तर वाकलेल्या तबकडीवर सुई डचमळते, वर गेले तर मंद्र स्वरांत भेसळ होते. अर्जुनी मोरगावसारख्या पूर्व विदर्भातील गावी मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याखाली राहिलेली विनाइलची तबकडी हमखास वाकते. तेथे हा हिशेब अधिकच काटेकोर करावा लागतो.

मराठी संग्राहकापुढे आणखी एक पेच असतो. बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या ७८ फेऱ्यांच्या लाखी तबकड्यांना सुमारे ०.०७५ मिलिमीटर टोकाची सुई लागते, एल.पी.ला ०.०१८ मिलिमीटरची. म्हणून हेडशेल सुटे होणारा आर्म सोयीचा: दोन हेडशेलांत दोन कार्ट्रिज तयार ठेवता येतात. रेगा आर.बी. ३०० (१९८३) उत्तम आर्म आहे, पण त्याचे हेडशेल दांड्याशी एकसंध आहे.

जोडणीत आधी अंतर येते. रेगाच्या आर्मसाठी तबकीच्या मध्यखुंटीपासून आर्मच्या आसापर्यंत २२२ मिलिमीटर मोजून आर्मबोर्डला भोक पाडतात. बोर्डासाठी मुरलेला सागवान चांगला. ओले लाकूड पावसाळ्यात फुगून अंतर बिघडवते. मग मागचे वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत तोलतात, त्यानंतरच ठरलेला भार देऊन काट्यावर पडताळतात. शेवटी कार्ट्रिज किंचित सरकवून केंद्रापासून सुमारे ६६ व १२१ मिलिमीटरवर सुई खाचेच्या रेषेत आणतात आणि आर्मची आतली ओढ अँटिस्केटने सावरतात.