पहिला असेंब्लर कोणी जुळवला?

संगणकाला फक्त शून्य आणि एक कळतात, असे आपण वर्गात सांगतो. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, असेंब्लर ही आज्ञावली आपली अक्षरे यंत्रभाषेत आणते. पण ती स्वतः यंत्रभाषेत कशी आली?" बीज आधी की वृक्ष आधी, अशा थाटाचा हा प्रश्न. त्याचे उत्तर डॉसच्या इतिहासात मिळते.

आधी असेंब्लरचे काम पाहू. डॉसमध्ये पडद्यावर इंग्रजी 'ए' हे अक्षर उमटवायला आठ बाइट पुरतात. सोळा पायाच्या अंकपद्धतीत ते असे: बी४ ०२ बी२ ४१ सीडी २१ सीडी २०. यातील ४१ हा 'ए'चा संकेत, ०२ हा 'अक्षर छाप' या सेवेचा क्रमांक, सीडी २१ म्हणजे डॉसला हाक आणि सीडी २० म्हणजे समाप्ती. हे अंक पाठ करण्याऐवजी माणूस बी४ ०२ साठी 'मूव्ह एएच, २' असे लिहितो. त्याचे अंक करून देतो तो असेंब्लर.

१९७९च्या अखेरीस सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या अमेरिकन कंपनीने ८०८६ प्रक्रियकाचे कार्ड विकायला काढले. त्यावर चालणारी सीपी/एम ही कार्यप्रणाली मात्र तयार नव्हती. तेव्हा कंपनीतील टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये स्वतःच एक कार्यप्रणाली लिहिली. तीच पुढे ८६-डॉस आणि १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टने हक्क घेतल्यावर एमएस-डॉस झाली.

नव्या यंत्रावर असेंब्लर नव्हता, म्हणून पॅटरसन यांनी तो जुन्या झेड-८० यंत्रावर, सीपी/एमखाली चालेल असा लिहिला. चालायचा झेड-८० वर, पण अंक तयार करायचा ८०८६ साठी! मग त्यांनी झेड-८० ची वाक्ये ८०८६ च्या वाक्यांत बदलणारी दुसरी आज्ञावली केली आणि असेंब्लरचाच मजकूर तिच्यातून काढला. अशा रीतीने असेंब्लर जुन्या घरातून नव्या घरात राहायला आला.

पण जुन्या घरात तो कुठून आला? असे मागे जात राहिलो, तर हाताने केलेल्या कामापाशी पोहोचतो. केंब्रिजच्या एडसॅक यंत्रासाठी १९४९ मध्ये डेव्हिड व्हीलर यांनी ३१ आज्ञा रचल्या. छिद्रपट्टीवरील अक्षरे व दशमान अंक वाचून त्या यंत्रभाषा बनवत. या आज्ञा टेलिफोन केंद्रातल्यासारख्या फिरत्या स्विचांवर तारांनी जोडलेल्या होत्या. बीजवृक्षाचा फेरा माणसाच्या बोटांपाशी सुटतो.

डॉसवर असेंब्लर बसवणेही सोपे होते. दोन फ्लॉपींच्या यंत्रात एका खणात असेंब्लर, दुसऱ्यात आपला मजकूर. १९८३च्या डॉस २.० पासून हार्ड डिस्कवर एक डिरेक्टरी करायची, फाइली तीत उतरवायच्या आणि तिचे नाव 'पाथ'मध्ये घालायचे. बस्स!

२०१४ मध्ये जुन्या एमएस-डॉसचा मूळ मजकूर अभ्यासासाठी खुला झाला. त्यात पॅटरसन यांचा असेंब्लर आणि तो भाषांतरकार, दोन्ही आहेत. फ्रीडॉस ही मोफत कार्यप्रणाली आजही मिळते. तिच्या 'डीबग'मध्ये वरचे आठ बाइट विद्यार्थ्यांना स्वतः भरू द्यावेत. पडद्यावर 'ए' उमटला, की संगणकातील जादू संपते आणि विज्ञान सुरू होते.