लाख, कोटी, दहा कोटी

बक्षिसाच्या आकड्यावर टीव्हीचा प्रेक्षक खेचण्याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. तिथल्या रेडिओवरच्या एका प्रश्नमंजूषेत शेवटच्या प्रश्नाला 64 डॉलर मिळत. जून 1955 मध्ये सीबीएस वाहिनीने हा आकडा हजारपट करून ‘द 64,000 डॉलर क्वेश्चन’ सुरू केला आणि त्या हंगामात तो देशात सर्वाधिक पाहिला गेला. इतरांनीही थैल्या मोकळ्या सोडल्या. पण लोकांचे लाडके स्पर्धक हरू नयेत म्हणून काही कार्यक्रमांत त्यांना आधीच उत्तरं पुरवली जात होती, हे 1958 पासून उघड होत गेलं. नुसत्या पैशावर प्रेक्षक टिकत नाही, हे निर्माते तेव्हाच ओळखून होते.

भारतात ‘कौन बनेगा करोडपति’ 3 जुलै 2000 रोजी स्टार प्लसवर आला. मूळ बेत लाखाचा होता, नावही ‘लखपति’ असं योजलं होतं. लाखाचा कोटी झाला आणि त्याने खरोखरच फरक पडला. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्यांना लाख आयुष्यभरात साठवता येण्याजोगा वाटे. कोटी हिशेबात बसतच नव्हता. तरी खेळाची पकड त्या कोटीपेक्षा पायऱ्यांमध्ये जास्त होती. पहिला प्रश्न हजार रुपयांचा, दहावा 3 लाख 20 हजारांचा. तिथून पुढे चुकलं तरी तेवढे हातचे राहत. पन्नास लाखांवर मात्र चूक महागात पडे: उठून गेलं तर पन्नास लाख, चुकलं तर 3 लाख 20 हजार. समोर अमिताभ बच्चन ‘लॉक किया जाए?’ विचारत असत आणि घरोघरी माणसं जेवता जेवता थांबून उत्तरं ओरडत. त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मध्यमवर्गीय तरुण जिंकतो, यातून मिळालेला दिलासा रकमेहून मोठा होता.

झी टीव्हीने त्याच वर्षी ‘सवाल दस करोड का’ उतरवला. बक्षीस दहापट, सूत्रसंचालनाला अनुपम खेर आणि मनीषा कोईराला. तरीही तो फार काळ तग धरू शकला नाही. कोटीच्या पुढचं शून्य घरी बसलेल्या माणसाला जाणवतच नाही. 2007 मध्येही तेच दिसलं. ‘करोडपति’चं बक्षीस आधीच्या पर्वाइतकंच, दोन कोटी होतं, बच्चन यांच्या जागी शाहरुख खान आले आणि प्रेक्षक घटला. 2010 मध्ये बच्चन परतले, तसे लोकही परतले. पुढे बक्षीस पाच कोटींवर, मग सात कोटींवर गेलं, पण 2000 सालची ती लाट पुन्हा उसळली नाही.

मराठीतला दाखला याहून बोलका आहे. ‘होम मिनिस्टर’ 2004 मध्ये सुरू झाला. आदेश बांदेकर ‘भावोजी’ म्हणून घरात शिरत, वहिनींचे खेळ घेत, सासू-सुनेला बोलतं करत. जिंकणाऱ्या वहिनीला मिळे ती पैठणी. ती खांद्यावर पडताना सासूबाईंच्या चेहऱ्यावर काय उमटतं, हे पाहायला संध्याकाळी घरं टीव्हीपुढे बसत. एका साडीवर हा कार्यक्रम अठरा वर्षं चालला. 2022 मध्ये त्याच्या ‘महामिनिस्टर’ पर्वात 11 लाखांची पैठणी ठेवली गेली. त्याच वर्षी ‘होम मिनिस्टर’ने प्रेक्षकांचा निरोप घेतला.